ॲव्हरेज पडलं, धूर वाढला : इंजेक्टर बदलण्याआधी काय तपासायचं?



गटाची किंवा ग्रामसंघाची स्वतःची गाडी असली की मासिक बैठकीत एक प्रश्न कधी ना कधी निघतोच. "किलोमीटर तेवढेच, मग डिझेल जास्त कसं लागलं?" प्रश्न निघाला की सगळ्यांची नजर वळते ती गाडी चालवणाऱ्याकडे. तो बहुतेक वेळा कुणातरी सदस्य ताईचाच नवरा, दीर नाहीतर मुलगा असतो. मग कुजबूज सुरू होते, हिशेबाच्या वहीवर बोट ठेवलं जातं, आणि दहा वर्षं एकत्र बचत केलेल्या बायका एकमेकींशी बोलेनाशा होतात. डिझेलची चोरी कधीच होत नाही असं मी म्हणणार नाही. पण डिझेल 'खाणारा' एक चोर बोनेटखाली बसलेला असू शकतो, त्याचं नाव इंजेक्टर. त्याची चौकशी आधी करा.

दुसरी भीती गॅरेजची. मेस्त्री बोनेट उघडतो, दोन मिनिटं आवाज ऐकतो आणि म्हणतो, "ताई, चारही इंजेक्टर गेलेत." डिझेल गाडीचा एक नवा इंजेक्टर मॉडेलप्रमाणे काही हजारांपासून पंधरा-वीस हजारांपर्यंत जातो. चाराने गुणा. गाडीच्या कर्जाचे दोन-तीन हप्ते एका दुपारी उडाले! आणि इतकं करून गाडी पुन्हा तशीच धूर ओकत राहिली, तर कुणाला विचारायचं?

म्हणून हा पाठ. पाना हातात घेऊन इंजेक्टर खोलायला आपण शिकणार नाही आहोत. काय विचारायचं, काय बघायचं, कोणत्या क्रमाने जायचं आणि कशाला बिलकूल हात लावायचा नाही, एवढं शिकायचं आहे.

इंजेक्टर म्हणजे फवारणी पंपाचं नोझल

पाठीवरचा फवारणी पंप आपण सगळ्यांनी वापरलाय. नोझल स्वच्छ असेल तर औषध धुक्यासारखं पसरतं. त्यात बारीक कचरा अडकला की एका बाजूला चिळकांडी उडते, नाहीतर नुसते थेंब गळतात. औषध तेवढंच संपतं, पण पिकाला लागत नाही. इंजेक्टरचं काम हेच. इंजिनाच्या प्रत्येक सिलेंडरमध्ये ठरलेल्या क्षणी, ठरलेलं डिझेल, धुक्यासारखं फवारायचं.

फरक आहे तो मापाचा. इंजेक्टरच्या टोकाची भोकं मिलिमीटरच्या दहाव्या-पाचव्या भागाएवढी, म्हणजे केसापेक्षा थोडी मोठी. इंजिन मिनिटाला २,००० फेरे घेत असेल, तर प्रत्येक सिलेंडरमध्ये मिनिटाला १,००० वेळा, म्हणजे सेकंदाला सोळा-सतरा वेळा फवारणी होते. आणि दाब? कुकरची शिटी होते तेव्हा आतला दाब बाहेरच्यापेक्षा साधारण १ बार जास्त असतो. आजच्या 'कॉमन रेल' डिझेल गाड्यांत हा दाब १,६०० बार आणि काही गाड्यांत त्याहूनही वर जातो. कॉमन रेल म्हणजे चारही इंजेक्टरना डिझेल पुरवणारी एक जाड पोलादी नळी. पंप तिच्यात दाबाने डिझेल भरून ठेवतो, आणि कोणता इंजेक्टर कधी किती उघडायचा ते गाडीतला कॉम्प्युटर, म्हणजे ईसीयू, ठरवतो. नाशिकच्या ज्या कारखान्याला लोक अजून 'मायको' म्हणतात आणि ज्याचं नाव आता बॉश आहे, तिथे हे इंजेक्टर आणि नोझल बनतात. तिथे काम करणारं कुणी ओळखीचं असेल तर विचारून बघा, आतले भाग किती बारकाईने घासून बसवलेले असतात ते. धुळीचा डोळ्यांना न दिसणारा कणही तिथे ओरखडा पाडतो.

घरात स्टोव्ह होता तेव्हा भोक तुंबलं की आपण पिन मारायचो. इथे ते चालत नाही. इंजेक्टरच्या भोकात पिन, तार किंवा सुई घातली की भोकाचा आकार बिघडतो आणि बरा असलेला इंजेक्टरही कायमचा जातो. कुणी "जरा पिनने मोकळं करतो" म्हणालं तर सरळ नाही म्हणा.

गाडी काय सांगतेय ते लिहून ठेवा

डॉक्टरकडे गेल्यावर "बरं वाटत नाही" एवढंच सांगून भागत नाही. ताप कधी येतो, जेवल्यावर दुखतं की उपाशीपोटी, ते सांगावं लागतं. गाडीचंही तसंच. ड्रायव्हर भाऊंना सांगा, आठवडाभर या गोष्टी लॉगबुकात लिहा: सकाळी थंड गाडीला सेल्फ किती वेळ मारावा लागतो, गरम झाल्यावर फरक पडतो का, उभ्या गाडीत इंजिन थरथरतं का, चढावर माल भरलेला असताना पिकअप जातो का, आणि धूर कोणत्या रंगाचा.

रंगावरून बरंच कळतं. काळा धूर म्हणजे डिझेल जास्त किंवा हवा कमी. ओली लाकडं कोंबून फुंकणी न मारलेली चूल आठवा, तसाच प्रकार. थंड गाडीत सुरुवातीला पांढरा धूर आणि डोळ्यांना झोंबणारा डिझेलचा वास येत असेल तर डिझेल न जळताच बाहेर पडतंय. निळसर धूर इंजिन ऑइल जळल्याचा, त्याच्याशी इंजेक्टरचा बहुधा संबंध नसतो. मात्र काळा धूर दिसला म्हणजे इंजेक्टरच, असंही नाही. एअर फिल्टर धुळीने तुंबलेला असला, किंवा टर्बोचा रबरी पाइप फाटला असला, तरी धूर काळाच येतो. आपल्या कच्च्या रस्त्यांवर एअर फिल्टर किती लवकर भरतो हे वेगळं सांगायला नको.

आता ॲव्हरेज. काट्यावरून अंदाज बांधू नका. एकाच पंपावर टाकी भरा, नोझल आपोआप बंद होईल तिथे थांबा आणि किलोमीटर लिहा. निदान दोनशे-अडीचशे किलोमीटर गाडी चालवा. पुन्हा त्याच पंपावर तशीच भरा. समजा २७६ किलोमीटर झाले आणि २९ लिटर डिझेल बसलं, तर ॲव्हरेज साडेनऊ. हे मोजताना गटातली एखादी ताई गाडीत बसून जाऊ दे. एकदा नाही, दोन-तीन वेळा मोजा. तिच्यासमोर भरलेल्या डिझेलवरही ॲव्हरेज पडलेलंच निघालं, तर ड्रायव्हरवरचा संशय त्या दिवशीच संपला. बैठकीच्या इतिवृत्तात तसं लिहा, तोंडी सोडू नका. संशय घेताना सगळे बोलतात, फिटताना कुणी बोलत नाही.

आधी स्वस्तातलं, मग महागातलं

इंजेक्टर एकटा क्वचित बिघडतो. बहुतेक वेळा त्याला बिघडवतं ते डिझेलमधलं पाणी आणि कचरा. म्हणून तपासणी टाकीकडून सुरू होते.

डिझेल फिल्टरच्या तळाला पाणी साठतं, कारण पाणी डिझेलपेक्षा जड. तिथे एक छोटा स्क्रू किंवा नळ असतो. इंजिन बंद करून काचेच्या बाटलीत तिथलं थोडं डिझेल काढायला सांगा आणि बाटली दहा मिनिटं स्थिर ठेवा. तळाला वेगळा थर दिसला तर ते पाणी. गढूळ, तांबूस दिसलं तर गंज. बऱ्याच गाड्यांत फिल्टरमध्ये पाणी साठलं की समोरच्या पॅनलवर दिवा लागतो. तो दिवा दिसूनही "आज मार्केट करून येऊ, उद्या बघू" म्हणणं फार महाग पडतं.

हे पाणी येतं कुठून? बऱ्याचदा आपल्याच घरून. ट्रॅक्टरसाठी डिझेल पत्र्याच्या ड्रममध्ये, शेडमध्ये, अर्धवट झाकण लावून ठेवलेलं असतं. पावसाळ्यात रिकाम्या जागेतली दमट हवा थंड होते, आत घाम धरते, ड्रम गंजतो. मग तेच डिझेल पंपाला जायला वेळ नाही म्हणून गाडीत ओततात. ज्या कॅनमध्ये कधीकाळी फवारणीचं औषध किंवा पाणी होतं, तो कॅन तर गाडीजवळ आणूच नका. पावसाळ्यात रात्री टाकी तळाशी आलेली ठेवण्यापेक्षा भरलेली ठेवणं चांगलं.

पंपावरही आपला हक्क आहे. डिझेलची घनता मोजून दाखवा असं ग्राहक म्हणू शकतो. त्या दिवशीची नोंदलेली घनता पंपावर असते, तिच्याशी ती जुळवून बघायची. मापाबद्दल शंका असेल तर ५ लिटरचं प्रमाणित माप मागायचं. रॉकेल मिसळलेल्या डिझेलमध्ये वंगणाचा गुण कमी होतो. कॉमन रेलचा पंप आणि इंजेक्टर डिझेलच्याच वंगणावर चालतात, त्यामुळे भेसळीचा पहिला मार त्यांनाच बसतो. आणि बिल घ्या. पुढे वाद घालायचा तर हातात कागद लागतो.

यानंतर डिझेल फिल्टर शेवटचा कधी बदलला ते बघा. गाडीच्या पुस्तिकेत किती किलोमीटरला बदलायचा ते दिलेलं असतं. आपल्याकडच्या धुळीत आणि पावसात त्याच्या थोडं आधीच बदललेला बरा. एअर फिल्टर, टर्बोचे पाइप, डिझेलच्या नळ्यांचे जोड आणि बॅटरी हेही याच फेरीत बघून घ्यावं. बॅटरी उतरलेली असेल तर इंजिन हळू फिरतं, रेलमध्ये पुरेसा दाब तयार होत नाही आणि गाडी सुरू होत नाही. त्यात इंजेक्टरचा काय दोष?

टाकीत ओतायच्या 'इंजेक्टर क्लीनर'च्या बाटल्याही मिळतात. नोझलवर थोडा थर साचला असेल तर त्यांचा थोडा उपयोग होतो. झिजलेला इंजेक्टर बाटलीने बरा होत नाही. माझं मत विचाराल तर त्या पैशांतून आधी चांगला फिल्टर घ्या.

चौघांतला दोषी कोण?

एवढं करूनही इंजिन एका सिलेंडरवर मिसिंग मारतंय, थरथरतंय, तर आता इंजेक्टरकडे यायचं. आणि इथे एक धोका आहे, तो घरातल्या पुरुषांनाही वाचून दाखवा.

जुन्या डिझेल गाड्यांत मेस्त्री चालू इंजिनवर एकेका इंजेक्टरच्या पाइपचा नट सैल करायचे. ज्याचा नट सैल केल्यावर आवाजात फरक पडत नाही, तो बिघडलेला. कॉमन रेल गाडीत हे कधीही करायचं नाही. एवढ्या दाबाची बारीक धार कातडी भेदून आत घुसते. वरून टाचणी टोचल्याएवढंच दिसतं, सुरुवातीला फार दुखतही नाही, पण आत डिझेल पसरलेलं असतं आणि बोट किंवा हात गमावण्याची वेळ येऊ शकते. असं झालं तर पट्टी बांधून घरी बसू नका. लगेच शस्त्रक्रियेची सोय असलेल्या मोठ्या दवाखान्यात जा आणि "प्रेशरने डिझेल आत गेलंय" हेच शब्द सांगा. गळती शोधायलाही बोट फिरवायचं नाही, पुठ्ठ्याचा तुकडा धरायचा. इंजिन बंद केल्यावरही दाब उतरायला काही मिनिटं लागतात.

मग दोषी शोधायचा कसा? मेस्त्रीकडे स्कॅनर हवा. तो गाडीला जोडला की प्रत्येक सिलेंडरला कॉम्प्युटर किती डिझेल कमी-जास्त करतोय, ते आकडे दिसतात. त्यांना 'करेक्शन' म्हणतात. तीन आकडे शून्याच्या आसपास आणि एकाचा अधिकमध्ये बराच मोठा असेल, तर तो सिलेंडर अशक्त आहे, म्हणून कॉम्प्युटर त्याला जास्त वाढतोय. पण अशक्तपणाचं कारण इंजेक्टर असेल किंवा खुद्द सिलेंडरचं कॉम्प्रेशन. ओळखायची युक्ती सोपी आहे. संशयित इंजेक्टर दुसऱ्या सिलेंडरला बसवायचा आणि त्याचा कोड नव्या जागी टाकायचा. दोष इंजेक्टरबरोबर सरकला तर इंजेक्टर खराब. दोष जुन्या जागीच राहिला तर इंजेक्टर निर्दोष, खर्च दुसरीकडे आहे.

दुसरी चाचणी रिटर्नची. इंजेक्टरला दिलेल्या डिझेलपैकी थोडं बारीक नळीतून टाकीकडे परत जातं. मेस्त्री चारही नळ्या काढून चार सारख्या बाटल्यांत सोडतो आणि इंजिन ठरावीक वेळ चालवतो. ही चाचणी आपल्या डोळ्यांना कळते, म्हणून मला ती आवडते. तीन बाटल्यांत साधारण सारखं डिझेल आणि चौथीत दुप्पट-तिप्पट, तर तो चौथा आतून झिजलाय. तो दाब धरत नाही, म्हणून गाडी सुरू व्हायला वेळ लागतो. मात्र रिटर्न सारखं आलं म्हणजे नोझल चांगलंच, असं नाही. नोझल गळतंय का, तुषार बरोबर पडतो का, हे बाटलीत दिसत नाही. त्यासाठी इंजेक्टर काढून पंप-नोझलच्या वर्कशॉपमध्ये मशीनवर लावावा लागतो. तिथे छापील रिपोर्ट मिळतो. तो मागा.

आणखी एक स्वस्तातलं दुखणं आहे. इंजेक्टर जिथे इंजिनात बसतो, तिथे खाली तांब्याचा वॉशर असतो. तो दबला की गॅस बाजूने फुटतो. इंजिनातून 'छुक्-छुक्' आवाज येतो आणि इंजेक्टरच्या बुडाशी डांबरासारखा काळा थर जमतो. वॉशर स्वस्तातली वस्तू आहे. पण महिनोन्महिने दुर्लक्ष केलं तर इंजेक्टर त्या थरात असा चिकटतो की काढताना मोडतो, आणि खालची बैठकही खराब होते.

गळक्या इंजेक्टरकडे मात्र थांबायला वेळ नसतो. डिझेलचे थेंब पिस्टनवर पडत राहिले तर पिस्टनला भोक पडू शकतं. न जळलेलं डिझेल खाली उतरून इंजिन ऑइलमध्ये मिसळतं. सकाळी ऑइलची पट्टी काढून बघा. ऑइल न घालताही पातळी वाढलेली दिसली, पातळ लागलं, डिझेलचा वास आला, तर 'ऑइल खात नाही, चांगली गाडी आहे' म्हणून खूश होऊ नका. गाडी तिथेच उभी करा. बीएस-६ डिझेल गाड्यांत सायलेन्सरच्या वाटेवर काजळी अडवणारा फिल्टर असतो. इंजेक्टर बिघडला की तोही भराभर भरतो आणि दुसरा मोठा खर्च उभा राहतो.

गॅरेजमध्ये बोलताना

दुरुस्ती म्हणजे प्रत्येक वेळी नवा इंजेक्टर नाही. मळ असेल तर तो अल्ट्रासोनिक मशीनमध्ये साफ होतो. नोझल किंवा आतला व्हॉल्व्ह झिजला असेल तर बऱ्याच प्रकारच्या इंजेक्टरमध्ये तेवढाच भाग बदलता येतो. एक गेला म्हणून चारही बदलायचे नसतात. मात्र गाडी खूप चाललेली असेल आणि रिपोर्टमध्ये चौघांचेही आकडे मर्यादेबाहेर असतील, तर चारही करणं योग्यच. तेव्हा एकेक करत चार वेळा मजुरी देऊ नका.

बोलताना मेस्त्रीचा अपमान करायचा नाही, आणि लाजायचंही नाही. "दादा, कोणता इंजेक्टर खराब आहे, एक नंबरचा की तीन नंबरचा? कोणत्या चाचणीत कळलं? रिपोर्ट दाखवता का?" चांगला मेस्त्री खूश होऊन सांगतो. जो चिडतो त्याच्याकडून गाडी उचला. खर्चाचा अंदाज कागदावर घ्या, जुने भाग परत मागा. प्रत्येक इंजेक्टरवर अक्षर-आकड्यांचा एक कोड असतो, त्याचा मोबाइलवर फोटो काढा. नवा बसवला की तो कोड स्कॅनरने कॉम्प्युटरमध्ये टाकावा लागतो. तो टाकायचा राहिला तर नवा इंजेक्टर घालूनही गाडी थरथरते, आणि मग "पार्टच डुप्लिकेट आलाय" असा नवा वाद सुरू होतो. इंजेक्टर पुन्हा बसवताना तांब्याचा वॉशर नवाच हवा, जुना चालत नाही. उघड्या नळ्यांच्या तोंडांना स्वच्छ बूच हवं, तेलकट चिंधी नको.

पेट्रोल आणि सीएनजी व्हॅन

डबे पोचवायला किंवा शाळेच्या मुलांसाठी काही गटांकडे पेट्रोल व्हॅन असते. साध्या पेट्रोल गाडीत इंजेक्टरचा दाब साधारण ३-४ बार असतो आणि खर्चही बराच कमी. तिथे मिसिंग आलं तर आधी स्पार्क प्लग आणि कॉइल बघा, दोष बहुधा तिथेच सापडतो. इंजेक्टरचं काम चालू आहे का हे मेस्त्री लांब स्क्रू-ड्रायव्हर कानाला लावून ऐकतो, टिक-टिक यायला हवी. मीटरने मोजलं तर अशा इंजेक्टरचा रोध बहुतेक गाड्यांत १२ ते १६ ओहमच्या दरम्यान येतो. पेट्रोलचा वास येत असेल तर इंजेक्टरची रबरी रिंग फाटली असेल. ती गाडी पुन्हा सुरूही करू नका, आगीचा धोका आहे.

सीएनजीवाल्यांसाठी एक सूचना. गाडी कायम गॅसवरच चालवली तर पेट्रोलचे इंजेक्टर पडून राहतात आणि आत चिकट थर धरतो. आठवड्यातून थोडे किलोमीटर पेट्रोलवर चालवत जा, आणि टाकीत वर्षभराचं जुनं पेट्रोल ठेवू नका.

बैठकीत सोडवायचा सराव

एका गाडीचं ॲव्हरेज आधी १२ होतं, आता साडेनऊ झालंय. गाडी महिन्याला १,५०० किलोमीटर चालते. डिझेल ९० रुपये लिटर धरा. महिन्याला किती रुपये जास्त जातात? आधी स्वतः काढा, मग पुढे वाचा.

आधी १,५०० भागिले १२, म्हणजे १२५ लिटर लागायचं. आता १,५०० भागिले ९.५, म्हणजे जवळपास १५८ लिटर. महिन्याला ३३ लिटर जास्त, रुपयांत २,९७०. आता आपापल्या गाडीचे आकडे घालून हेच गणित करा आणि उत्तर लॉगबुकाच्या पहिल्या पानावर तारखेसह लिहा. त्याच्या खाली डिझेल फिल्टर शेवटचा कधी बदलला ती तारीख लिहा. ती कुणालाच आठवत नसेल, तर उद्या सकाळी माल भरण्याआधी फिल्टर बदलून घ्या.